आवाज नेला, चेहरा ठेवला

१

"मॅडम, अक्काचा आवाज गेलाय."

डिंपल विभागाच्या दारातच उभी होती. आत पाऊल टाकायचं धाडस होत नव्हतं तिला. प्राध्यापिका कामिनी भंगाळेने हातातलं पेन खाली ठेवलं. तामथडीची धुरपदा अक्का सत्तरीच्या पुढची, त्यात हृदयाचं दुखणं.

"काय झालं अक्काला?"

"अक्काला नाही मॅडम, मुलाखतीला. चित्र दिसतंय. अक्का बोलते, हात हलवते, मध्येच हसते. पण ऐकू काहीच येत नाही."

कामिनी उठली आणि आतल्या खोलीत गेली. जळगावच्या त्या कॉलेजात जनसंवाद विभाग म्हणजे दोनच खोल्या. बाहेर वर्ग भरायचा आणि आत चित्रपटाची जोडणी व्हायची. वर्षभर त्या आतल्या खोलीत दोन शिक्षक आणि तीन विद्यार्थी एक माहितीपट करत होते. विषय होता तामथडी, शिंदखेडा तालुक्यातलं तापीकाठचं गाव. निम्मं गाव कामासाठी सुरतेला गेलेलं. गल्लीतल्या घरांना कुलपं, शाळा बंद पडलेली, पारावर फक्त म्हातारी माणसं. श्रावणात घरोघर कानबाई, खान्देशची देवी, बसली की मात्र सुरतेहून गाड्या भरून लोक यायचे आणि गाव एका दिवसापुरतं पुन्हा गाव व्हायचं. येत्या रविवारीच कानबाई होती. सगळे जमलेले असताना चौकात पडदा लावून माहितीपट दाखवायचा, असं ठरलं होतं.

आज गुरुवार होता, आणि माहितीपटाचा कणाच मुका झाला होता.

धुरपदा अक्काची मुलाखत वैशाखात घेतली होती. खाटेवर बसून ती कुलपं लागलेल्या एकेका घराविषयी बोलली होती. कोणाच्या दारात कोणती सून पहिल्यांदा उतरली, कोण पहिल्यांदा सुरतेला गेलं, सगळं. तिच्या बोलण्यावरच सारी जोडणी उभी होती.

"मशीनचा दोष असेल," सहकारी प्राध्यापक हितेंद्र सर मागून म्हणाले.

कामिनीने कपाटातली दुसरी डिस्क काढून जोडली. तिच्यावरही तेच. चित्र होतं, आवाज नव्हता. डिंपलने आवाज वेगळा टिपून ठेवलेला रेकॉर्डर उघडला. बाकी सगळ्यांच्या मुलाखती त्यात होत्या, अक्काची तेवढी नव्हती.

"मशीन बिघडलं तर एका ठिकाणी बिघडेल, सर," कामिनी म्हणाली. "तीन ठिकाणी शोधून एकाच बाईचा आवाज नेणारं मशीन अजून निघालेलं नाही. हे माणसाचं काम आहे. आणि त्या माणसाला या खोलीची माहिती आहे."

खोलीत पाच जण होते. कोणीच कोणाकडे बघितलं नाही.

२

पोलिसांत जाण्यासारखं हे प्रकरण नव्हतं आणि प्राचार्यांना सांगून उपयोग नव्हता. कामिनीने एकेकाला बाहेरच्या खोलीत बोलावलं.

आधी नवीन नावाचा विद्यार्थी आला. कॅमेरा त्याचा. जळगावातच वाढलेला, तोंडाने फटकळ. अक्काच्या लांबलचक मुलाखतीसाठी त्याची नदीकाठची दृश्यं कापली गेली, म्हणून आठवडाभर तो धुसफुसत होता.

"राग आला होता, नाही म्हणत नाही," तो म्हणाला. "पण मी सूड घेतला असता तर चित्र उडवलं असतं ना मॅडम? माझं भांडण चित्राचं होतं, आवाजाचं नाही. कोणी केलं असेल हो हे?"

मग डिंपल. भुसावळच्या रेल्वे कॉलनीतली मुलगी, घरात हिंदी बोलणारी. अक्काची मुलाखत घेऊच नये, असं ती सुरुवातीपासून म्हणत होती.

"अक्का बोलत होती तेव्हा वाटायचं, आपण कोणाच्या तरी देवघरात चपला घालून उभे आहोत. पण म्हणून मी तिचं बोलणं पुसेन? तीन ठिकाणचं? मॅडम, तुम्हाला कोणाचा संशय आहे?"

"त्या दिवशी वेगळं काही घडलं होतं का?"

डिंपलने आठवून बघितलं. "मध्येच अक्काला फोन आला. सुरतेच्या मुलाचा, भाईदासचा. तिला कानाशी धरून ऐकू येत नाही, म्हणून ती स्पीकर लावते. आईलेकाचं बोलणं कशाला ऐकायचं, म्हणून आम्ही सगळे बाहेर पडलो. मी हेडफोनही खाटेजवळ ठेवून गेले. कॅमेरा मात्र चालूच राहिला."

हितेंद्र सरांनी दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"मॅडम, गिरधर नाना मागे लागले होते माझ्या. तामथडीचे उपसरपंच. म्हातारीचं बोलणं काढा म्हणून रोज फोन. शाळा बंद पडली त्यावरून तिने पंचायतीला बरंच सुनावलंय. मी काढलं नाही, पण त्यांनी इथल्या कोणाला हाताशी धरलं असेल तर सांगता येत नाही. कोणाला धरलं असेल, हा प्रश्नच आहे."

शेवटी प्रेमराज आला. तो तामथडीचाच. धुरपदा अक्का त्याच्या थोरल्या काकांची बायको, तो तिला मोठी माय म्हणायचा. अक्काचं बोलणं अस्सल खान्देशी. त्याचं मराठी करायचं काम पहिल्यापासून त्याच्याकडे होतं. कामिनी बोदवडची, पूर्वेकडची. तिकडचं बोलणं निराळं, त्यामुळे अक्काचं निम्मंच तिला उमगायचं. म्हणूनच तिने काल दुपारी सगळ्यांदेखत सांगितलं होतं, की अमळनेरची भूमिका नावाची जुनी विद्यार्थिनी शुक्रवारी येईल आणि सगळं भाषांतर मूळ आवाजाशी ताडून बघेल.

"मुलाखतीच्या दिवशी तू तामथडीला नव्हतास ना?"

"ताप होता मॅडम. होस्टेलवर झोपून होतो." प्रेमराज जमिनीकडे बघत होता. "मी जाऊन परत बोलणं टिपून आणतो. त्याच खाटेवर बसवतो मोठ्या मायला. रविवारपर्यंत होऊन जाईल."

तो गेल्यावर कामिनी बसून राहिली. तिघांनी तिला एकच गोष्ट विचारली होती, हे कोणी केलं असेल? प्रेमराजने ते विचारलं नव्हतं.

तरी तेवढ्यावरून पोराला चोर ठरवणं तिला पटेना. ती आत गेली आणि मुकी मुलाखत पहिल्यापासून लावली. अक्का बोलत होती. मग तिने फोन उचलला. चौकटीच्या कडेने सावल्या हलल्या, सगळे बाहेर निघून गेले. अक्का फोन तोंडापुढे धरून बोलली, मान डोलावली, थोडी हसली. फोन उशाशी ठेवला.

खोलीत कोणी नव्हतं. अक्काने पदर सारखा केला, मान वर केली आणि थेट कॅमेऱ्यात बघून ती पुन्हा बोलू लागली.

सावकाश, एकेक शब्द तोलून, बराच वेळ.

३

शुक्रवारी सकाळच्या सुरतेकडच्या पॅसेंजरने कामिनी आणि डिंपल शिंदखेड्याला उतरल्या. भूमिकेला तिने कळवलं होतं, सध्या येऊ नको.

तामथडीत कानबाईची तयारी चालली होती. सुरतवाल्यांच्या घरांची कुलपं निघाली होती, ओटे धुतले जात होते, भिंतींना ताजा चुना लागला होता. नैवेद्याच्या रोटांचे गहू निवडायला बायका घोळक्याने बसल्या होत्या. गिरधर नाना पडदा बांधायच्या खांबांपाशी भेटले.

"तुम्ही अक्काचं बोलणं काढायला सांगत होता, नाना."

"सांगत होतो. अजून सांगतो."

"पंचायतीला बोलली म्हणून?"

नाना खिन्नसे हसले. "पंचायतीला घातलेल्या शिव्या खुशाल दाखवा. शाळा आम्हाला टिकवता आली नाही, ते खरंच आहे. पण त्या घरातलं दुसरं काही दाखवू नका. भाईदासचं नाव तर नकोच नको. रविवारी सुरतेचे लोक समोर बसतील. अक्काही बसेल."

"मग काय होईल?"

"मॅडम, तुम्ही गाव बघायला आलात. गाव झाकतं ते बघू नका." एवढं बोलून ते खांबाकडे वळले.

अक्काच्या घराला चुना लागलेला नव्हता. ती ओट्यावर बसली होती. डिंपलला तिने जवळ घेतलं, दोघींना चहा दिला. कामिनीने आवाज हरवल्याचं सांगितलं तेव्हा तिला नवल वाटलेलं दिसलं नाही.

"आवाज काय चालीसन जास का? कोनी ते लई गया व्हई."

"कोण नेईल अक्का?"

"ज्याले जड व्हयना व्हई, तो."

कामिनीने विषय बदलला. "रविवारी भाईदास येणार ना?"

"त्याले सुट्टी नही भेटस. फोन करस ना दर सोमवारी. दुपारना."

"आणि सून? दीपमाला?"

"पोरंसनी शाळा ऱ्हास."

"मागच्या कानबाईला आली होती?"

"तवय बी शाळा." अक्का रस्त्याकडे बघू लागली. "त्याना पहिले बी."

मग अक्काने कामिनीच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"माय, त्या दिन मी बोलनू ना तुमना मशीनपुढे. तवयपासून वाट देखी ऱ्हायनू. ते अजून कोनी आयकंच नही का?"

कामिनीने तिचा हात नुसता धरून ठेवला.

परतीच्या गाडीत समोरच्या बाकावर एक कुटुंब बसलं होतं. नंदुरबारकडून भुसावळला लग्नाच्या बोलणीला निघालेलं. सासू सुनेच्या केसांत माळलेला गजरा सारखा करत होती आणि सुनेच्या कपाळावरचं कुंकू घामाने ओघळलं होतं. कामिनी त्या कपाळाकडे बघत राहिली.

कानबाई रविवारी बसते. रविवारी कसली शाळा?

मुलगा कामात अडकला असेल एक वेळ. पण सून? गावातली प्रत्येक सून त्या दिवशी येते. ही दीपमाला एका दिवसापुरतीही येत नाही, आणि अख्खं गाव त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. कारण फोनवर कपाळ दिसत नाही. दारात उभं राहिलं की दिसतं.

"डिंपल," ती हळूच म्हणाली, "भाईदास जिवंत नाही."

डिंपलच्या हातातली पाण्याची बाटली तशीच राहिली. "मग मॅडम, अक्काला फोन कोण करतं?"

४

शनिवारी सकाळी कामिनीने प्रेमराजला एकट्याला बोलावलं. चारचौघांत त्याला उभं करायची तिची इच्छा नव्हती.

"बस," ती म्हणाली. "मी बोलते. चुकलं तर सांग.

"चोराने आवाज नेला आणि चित्र ठेवलं. अख्खी मुलाखत पुसणं सोपं असतं. चित्र तसंच ठेवून आतला आवाज तेवढा काढायचा, ती प्रत जुनीच्या जागी ठेवायची, आणि हे दोन्ही ठिकाणी करायचं, याला जोडणीचं काम यावं लागतं. गिरधर नाना त्यातून गेले. हितेंद्र सरांना साधा आवाज कमीजास्त करायलाही डिंपल लागते. तेही गेले.

"आता नेला कधी, ते बघ. वैशाखापासून तो आवाज इथेच पडून होता. कोणाला खुपला नाही. बुधवारी मी भूमिकेचं नाव काढलं आणि गुरुवारी तो गेला. म्हणजे अक्काचं बोलणं खान्देशी समजणाऱ्या दुसऱ्या कानाने ऐकायला नको होतं. नवीन आणि डिंपलला त्या कानाची भीती वाटायचं कारण नाही. त्यांनी काही दडवलेलं नाही. तोवर ते सगळं ऐकणारा कान एकच होता. तुझा."

प्रेमराज खिशावर हात दाबून बसला होता.

"पंचायतीवरचं बोलणं तू भाषांतरात जसंच्या तसं ठेवलंस. त्याचं तुला काही वाटलं नाही. एकच तुकडा तू सोडलास. 'फोन होता मॅडम, घरचं बोलणं,' असं म्हणाला होतास, म्हणून आम्हीही तो भाग कधी लावून ऐकला नाही. म्हणजे जे दडवायचं ते फोनमध्ये होतं. नुसता फोन कापला असता तर मध्येच भोक दिसलं असतं आणि आम्ही विचारलं असतं, इथे काय होतं? म्हणून सगळाच आवाज गेला. मशीनवर ढकलता येईल म्हणून."

तिने पाण्याचा ग्लास त्याच्यापुढे सरकवला.

"अक्काला दर सोमवारी दुपारी फोन येतो. सोमवारच्या दुपारच्या तासाला तू कधीच वर्गात नसतोस. मुलाखतही सोमवारीच घेतली होती. तू आम्हाला ताप सांगितलास, कारण तिच्यासमोर बसून तिला फोन कसा करणार? प्रेमराज, भूमिकेने तो आवाज लावला असता तर डिंपलने, मी, कोणीही ओळखला असता."

पोराचा चेहरा आवळत गेला आणि मग एकाएकी सैल पडला.

"भाईदासदादाचा आणि माझा आवाज एकच आहे मॅडम. लहानपणापासून सगळे म्हणायचे." तो थांबत थांबत बोलू लागला. "सुरतेला कपडे रंगवायच्या कारखान्यात वाफेचा पाइप फुटला. दादा तिथेच गेला. तेव्हा मोठी माय धुळ्याला दवाखान्यात होती. डॉक्टर म्हणाले, धक्का बसता कामा नये. बाबा आणि गिरधर नाना सुरतेला गेले, तिकडेच सगळं उरकून आले. ती घरी आली की सांगू म्हणाले. ती घरी आली. उद्या सांगू म्हणाले. मग एक दिवस तिने विचारलं, भाईदासचा फोन का येत नाही? कोणाच्या तोंडून शब्द फुटेना. मी बाहेर गेलो आणि फोन लावला."

"आणि लावत राहिलास."

"आता थांबवलं तर तिला दुसऱ्यांदा मारल्यासारखं होईल."

"चित्र का नाही पुसलंस?"

त्याने बाहीने डोळे पुसले. "हात लावला होता. तिचा चेहरा समोर आला. नाही पुसवलं."

"ज्याला चेहरा पुसवला नाही त्याला आवाजही पुसवला नसणार," कामिनी म्हणाली. "तो तुझ्यापाशी आहे."

प्रेमराजने खिशातून पेन ड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला.

"फोन संपल्यावर ती काय बोलली, ते तू ऐकलंस?"

त्याने चमकून वर बघितलं. "फोननंतर? माझाच आवाज दादाच्या नावाने ऐकवेना मॅडम. तिथेच बंद केलं. सर परत येऊन बसले तिथून पुढचं भाषांतर केलं. फोननंतर कोण होतं तिथे बोलायला?"

५

आतल्या खोलीत दोघंच बसले. कामिनीने आवाज लावला.

आधी फोन. प्रेमराजचाच आवाज, थोडा जाड केलेला. "माय, जेवनी का?" मग औषधाची चौकशी, पावसापाण्याची चौकशी. अक्काची उत्तरं, तिचं हसणं. फोन ठेवल्याचा खट्ट आवाज. मग बांगड्या किणकिणल्या आणि अक्का बोलू लागली. या खेपेस तिचा सूर वेगळा होता.

"हाऊ काचना डोया उघडा शे, माले माहीत शे. म्हनीसन बोली ऱ्हायनू. हाऊ बोलना तो मना भाईदास नही शे. मना भाईदास गया."

प्रेमराज ताडकन उभा राहिला. कामिनीने त्याच्या मनगटाला धरून त्याला खाली बसवलं.

"दवाखानामाईन घर उनू त्याच दिन माले समजनं. बठ्ठं गाव मनाकडे देखीसन हासे. इतलं गोड कोनी हासस का? मंग मी मुद्दाम त्याना फोननं इचारं, ते फोन उना. भाईदास पहिले बैलनं इचारे, मंग पानीनं. माय जेवनी का, हाई त्यानी जनममा इचारं नही. हाऊ पोऱ्या दर खेपले तेच इचारस. प्रेम्या शे तो. त्याले वाटस माले समजस नही."

अक्का थोडी थांबली. बाहेरून नवीनचं लांबवरचं हसणं ऐकू आलं.

"मी रडनू नही. मी रडनू ते गाव रडी. आनि गावले रडानं व्हयनं की कोनाले तरी बोल लावाना ऱ्हास. दीपमालाले म्हनतीन, तूच लई गई सुरतले, तूच खाई गई. म्हनीसन मी गप शे. पन आते तिले कोनी तरी सांगा. माले माहीत शे म्हनीसन सांगा. तिनी किती दिन गावपाईन तोंड दपाडानं? हाई घर तिनं बी शे. अठे येऊ द्या तिले."

मग हितेंद्र सरांची पावलं, खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि अक्काचा नेहमीचा सूर. "हां भाऊ, इचारा."

कामिनीला प्रत्येक शब्द कळला नव्हता, पण समजावून सांगायची गरज राहिली नव्हती. प्रेमराज टेबलावर डोकं टेकून रडत होता. म्हातारीने सांगायचं ते ज्याला सांगायचं त्याच्याच हाती दिलं होतं. त्याने ते न ऐकता खिशात घालून ठेवलं. वैशाख, ज्येष्ठ, आषाढ, सगळे महिने तिने वाट बघितली होती.

"मी काय करू मॅडम?" त्याने खूप वेळाने विचारलं.

"आधी दीपमालाला फोन लाव."

त्याने फोन लावला. पलीकडून "हां, बोल प्रेमराज," असं ऐकू आलं. इतक्या सोमवारी दुसऱ्याच्या आवाजात बोलणाऱ्या त्या पोराला स्वतःच्या आवाजात एक वाक्य बोलता येईना. कामिनीने फोन घेतला. स्वतःची ओळख सांगितली आणि मग अक्काचं बोलणं जसंच्या तसं त्या बाईला ऐकवलं.

"आज रात्रीची गाडी भेटेल," दीपमाला शेवटी म्हणाली. "पण बायका मला दारात येऊ देतील का?"



६

प्रेमराज त्याच दुपारी गावाला गेला आणि एकटाच अक्काच्या घरात शिरला. आत काय बोलणं झालं ते त्याने कोणाला सांगितलं नाही, कामिनीनेही विचारलं नाही. संध्याकाळी तो बाहेर आला आणि गिरधर नानांच्या ओट्यावर जाऊन म्हणाला, "मोठ्या मायला माहीत आहे. सुरुवातीपासून." नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि ते तसेच बसून राहिले.

रविवारी सकाळी कामिनी नवीन आणि डिंपलला घेऊन पोचली, तोवर सुरतेची गाडी येऊन गेली होती. गल्लीत पेट्या, पिशव्या, पोरं, हाका. त्या गर्दीत एक बाई दोन मुलांचे हात धरून भिंतीच्या कडेने चालत होती. डोईवरचा पदर भुवयांपर्यंत ओढलेला. गर्दी तिच्यापुढे आपोआप बाजूला झाली आणि हाकाही बंद पडल्या.

अक्काच्या ओट्यापाशी भाऊबंदांतल्या बायका जमल्या होत्या. सगळ्यांत पुढे भिकुबाई, अक्काच्या बरोबरीची. दीपमाला पायरीशी येताच भिकुबाईचं तोंड सुटलं.

"उनी का आते? धडधाकट पोऱ्या लई गई व्हती माय, रिकामा हात..."

"भिकुबाई."

अक्का दारात आली होती. उंबऱ्याला धरून उभी.

"माले दोन वरीसपासून माहीत शे. तुले बी माहीत व्हतं. तू रोज अठे ईसन हासे, मी बी हासू. तू मनासाठे ते करं, मनावर उपकार शेत तुना. पन आज हिले बोलू नको. मनं पोरगं गयं, हिना धनी गया. कोनं जास्ती गयं ते मोजाले बसू नका."

भिकुबाईने तोंडाला पदर लावला. अक्का पायऱ्या उतरली, दीपमालाच्या डोईवरचा पदर तिने मागे सारला. ते मोकळं कपाळ सगळ्या गल्लीने बघितलं. मग सासूने सुनेला गळ्याशी धरलं. इतके दिवस अडवून धरलेला हुंदका पहिल्यांदा अक्काच्याच तोंडून फुटला, आणि मग सगळ्या बायकांच्या. मरणाच्या घरी बसतात तशा त्या दारात बसल्या. भिकुबाईच सगळ्यांत मोठ्याने रडली.

त्या घरी त्या वर्षी कानबाई बसली नाही. बाकीच्या घरांतून बसली, पण वाजंत्री अक्काच्या गल्लीत आणली नाही.

दुपारी गर्दी ओसरल्यावर कामिनी अक्काजवळ जाऊन बसली. विचारल्यावाचून जाणं बरोबर नव्हतं.

"अक्का, तुमचा आवाज सापडला. माहितीपटात ठेवायचा की नाही, ते तुम्ही सांगायचं."

"घरंसनं बोलनू ते ठेवा. फोननं नको. ते मनं आनि पोऱ्यानं शे." अक्काने डोळे टिपले. "उद्या दखाडा. लोकं जावाना पहिले."

ओट्याच्या खांबाला टेकून बसलेल्या प्रेमराजने मान हलवली. तेवढा भाग तोच काढणार होता, या खेपेस सगळ्यांना सांगून.

ओट्यावर ऊन उतरलं होतं. दीपमालाची मुलं चुलत भावंडांत मिसळून कधीच पळाली होती. सासूसुना शेजारी बसल्या होत्या. इतक्या दिवसांत बोलायची सवय मोडली होती.

मग अक्काने विचारलं, "सुट्टीना दिन काय करे तो तठे?"

दीपमाला म्हणाली, "तापीवर जाये. पुलना खाले पाय सोडीसन बसे. म्हने, हाई पानी तामथडीवरून उनं."

"एकलाच जाये?"

"पहिले एकलाच. मंग मी बी जाऊ लागनू, पोरंसले लईसन."

अक्काने पाय दुमडून घेतले आणि ती सुनेकडे सरकून बसली.

"मंग? काय बोलेत तुम्ही तठे?"

दीपमाला सांगू लागली. कामिनी हळूच उठली, चपला हातात घेऊन पायऱ्या उतरली, आणि नवीन-डिंपलला खुणेनेच घेऊन चौकाकडे निघाली.